कोऱ्या खोक्याची गोष्ट : पार्सलवर पाठवणाऱ्याचे नाव का नसे?

१/
साधारण १९०० चा सुमार. अमेरिकेच्या ग्रामीण भागातले एखादे लहानसे रेल्वे स्थानक. गाडी थांबते आणि फलाटावर एक लाकडी खोके उतरवले जाते. त्यावर घेणाऱ्याचे नाव आहे, स्थानकाचे नाव आहे. पाठवणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नाही. ना शिक्का, ना चिठ्ठी, ना जाहिरात. हे खोके शिकागोच्या ज्या कंपनीचे आहे, ती आपल्या कॅटलॉगमध्ये स्वतःला ‘पृथ्वीतलावरील सर्वांत स्वस्त पुरवठादार’ म्हणवते. मग इतकी जाहिरातप्रिय कंपनी आपल्याच खोक्यावर मौन का पाळते?

२/
प्रश्न जुना असला, तरी आजच्या वाचकाला परका नाही. व्हॉट्सॲपवर कुर्ते किंवा साड्या विकणारी एखादी गृहिणी माल स्वतः साठवत नाही. ती मागणी घेते, दुसऱ्या शहरातल्या पुरवठादाराला कळवते आणि पार्सल थेट ग्राहकाच्या दारात पोहोचते. तिची पुरवठादाराला एकच विनंती असते : पार्सलमध्ये तुमचे बिल नको, तुमचे कार्ड नको, तुमचा दर तर मुळीच नको. या विनंतीचा इतिहास इंटरनेटपेक्षा फार जुना आहे. तो समजून घ्यायचा, तर एका नाकारलेल्या घड्याळांच्या पेटीपासून सुरुवात करावी लागते.

३/
१८८६. मिनेसोटा राज्यातील नॉर्थ रेडवुड येथे रिचर्ड वॉरन सिअर्स नावाचा तेवीस वर्षांच्या आतला तरुण स्टेशन एजंट होता. शिकागोच्या एका कंपनीने जवळच्या गावातील जवाहिऱ्याला खिशातली घड्याळे पाठवली. त्याने ती स्वीकारली नाहीत. परत पाठवण्याऐवजी सिअर्सने तीच घड्याळे स्वतः घेतली आणि रेल्वेमार्गावरच्या इतर स्टेशन एजंटांना प्रत्येकी १४ डॉलरने देऊ केली. त्यापुढे ते आपल्या गिऱ्हाइकाकडून जे अधिक मिळवतील, ते त्यांचे.

४/
या छोट्या व्यवहारात पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे. सिअर्स घड्याळे बनवत नव्हता. त्याचे एजंटही बनवत नव्हते. घड्याळ विकत घेणारा शेतकरी मात्र ओळखीच्या स्टेशन एजंटावर विश्वास ठेवून पैसे देत होता. माल एकाचा, मेहनत दुसऱ्याची, विश्वास तिसऱ्याचा. पुनर्विक्रीचा धंदा उभा राहतो तो याच तीन गोष्टींवर. आणि त्यात एक गोष्ट झाकलेली राहावी लागते : मूळ दर. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धंद्यात अगदी शब्दशः लागू पडते.

५/
सिअर्स हा टपालाने माल विकणारा पहिला नव्हता. शिकागोतच ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये १६३ वस्तूंची एक पानी यादी काढून हा मार्ग दाखवला होता. पण सिअर्सची भाषा अधिक झणझणीत आणि धाडस अधिक होते. १८९३ मध्ये ‘सिअर्स, रोबक अँड कंपनी’ हे नाव रूढ झाले. १८९५ पर्यंत कॅटलॉग ५३२ पानांचा झाला. शिवणयंत्रे, सायकली, कपडे, बंदुका, चुली, वाद्ये, सारे त्यात. आणि प्रत्येक वस्तूपुढे छापील किंमत.

६/
ही छापील किंमत क्रांतिकारक का ठरली, हे समजण्यासाठी त्या काळातले गावचे दुकान डोळ्यांसमोर आणावे लागेल. गावात बहुधा एकच मोठे दुकान. दर मालकाच्या मनावर, माणूस पाहून भाव. उधारीची वही त्याच्याच गल्ल्यावर. अनेक खेड्यांत पोस्ट ऑफिसही त्याच दुकानाच्या कोपऱ्यात, आणि पोस्टमास्तर तोच दुकानदार! म्हणजे शिकागोला मागणीचे पत्र टाकायचे, तर ते ज्याचे गिऱ्हाईक तुटणार त्याच्याच हातात द्यायचे.

७/
माल येण्याची वाटही उघड्यावरची होती. १९१३ पूर्वी अमेरिकेच्या टपाल खात्यातून देशांतर्गत पाठवायच्या वस्तूंच्या पाकिटाला साधारणतः ४ पौंडांची, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आसपासची मर्यादा होती. त्याहून जड वस्तू खासगी एक्स्प्रेस कंपन्यांकडून किंवा रेल्वेच्या मालडब्यातून येत. त्या स्थानकावर उतरत, तिथे पडून राहत आणि साऱ्या गावाला दिसत. खोक्यावर ‘सिअर्स, शिकागो’ असे छापलेले असते, तर घेणाऱ्याने कुठे खरेदी केली हे त्याच्या घरी खोके पोहोचण्याआधीच गावभर झाले असते.

८/
आणि ते कळणे परवडणारे नव्हते. गावोगावचे दुकानदार या कंपन्यांवर संतापलेले होते. गावाचा पैसा बाहेर नेणारे शत्रू, अशी त्यांची प्रतिमा रंगवली जाई. काही गावांत लोकांनी आपापले कॅटलॉग आणून द्यावेत, त्यांची होळी करावी आणि आणणाऱ्याला बक्षीस द्यावे, असे प्रकारही घडले. ज्या दुकानदाराकडे आपली उधारी आहे, मुलाच्या आजारपणात ज्याच्याकडे हात पसरावा लागतो, त्याच्या डोळ्यांदेखत शिकागोचे खोके उचलणे सोपे नव्हते.

९/
सिअर्सने ही अडचण अचूक ओळखली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कॅटलॉगमध्ये ग्राहकांना एक स्पष्ट आश्वासन दिलेले आढळते. आपण माल कुठून घेतो हे इतरांना कळू नये असे अनेकांना वाटते, याची दखल घेऊन कंपनी सांगते की खोके, पुडके, वेष्टन, चिठ्ठी, पाकीट किंवा प्रत्यक्ष वस्तू, कशावरही आमचे नाव-पत्ता असणार नाही. जाहिरातीच्या त्या युगात स्वतःचे नाव पुसून टाकणे हीच एक विकाऊ सोय झाली.

१०/
पण या आश्वासनाचा खरा मासलेवाईक भाग पुढे आहे. कंपनी तिथेच व्यापाऱ्यांनाही उद्देशून सांगते : तुम्ही दुकानदार असाल आणि हा माल पुन्हा विकू इच्छित असाल, तर तो तुम्ही कोणाकडून घेतला आणि त्यासाठी काय मोजले, हे तुमच्या गिऱ्हाइकाला कोणत्याही प्रकारे कळणार नाही. म्हणजे ज्या दुकानदारांचा वर्ग चौकात कॅटलॉग जाळत होता, त्यांच्यातलेच काही मागच्या दाराने त्याच कॅटलॉगमधून माल मागवतील, हे कंपनीने गृहीत धरले होते.

११/
इथे एक सुंदर विसंगती आहे. दुकानदाराला मूळ दर लपवायचा होता. पण तो दर तर छापलेला होता, आणि छापील कॅटलॉग घराघरांत होता! मग लपवण्यात अर्थ काय? अर्थ हाच, की वस्तूवर नाव नसेल तर तिची तुलना करणे अवघड होते. शिकागोची किटली आणि गावच्या दुकानातली किटली एकच आहे, हे गिऱ्हाइकाला सिद्ध करता येत नाही. माहिती उपलब्ध असते. तुटलेला असतो तो माहिती आणि वस्तू यांच्यामधला धागा. कोरे खोके हा धागा कापत होते.

१२/
म्हणजे एकच कोरे वेष्टन एकाच वेळी दोन अगदी भिन्न कामे करत होते. शेतकऱ्याच्या घरी जाताना ते दुर्बल ग्राहकाला बलवान दुकानदाराच्या नजरेपासून वाचवत होते. दुकानदाराच्या घरी जाताना मात्र ते बलवान दुकानदाराला ग्राहकाच्या नजरेपासून वाचवत होते. कागद तोच, दोरी तीच. गोपनीयता चांगली की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. कोणापासून आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

१३/
पहिल्या कामाचे मोल सर्वाधिक कोणाला होते? दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वंशभेदाला मान्यता दिली. त्या काळात गावच्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गोरे गिऱ्हाईक आटोपेपर्यंत थांबावे लागे. त्याने किती चांगला कपडा घ्यावा, यावरही दुकानदाराची नजर असे. पीक तारण ठेवून उधारी घेणाऱ्या कुळाच्या आयुष्यावर दुकानाच्या वहीची हुकमत चाले. कॅटलॉग मात्र वर्ण विचारत नव्हता. सगळ्यांना एकच छापील दर.

१४/
अर्थात हे चित्र फार रंगवून सांगू नये. कॅटलॉगमधून माल घ्यायला त्या काळी रोख पैसे लागत, आणि वहीत अडकलेल्या कुळाकडे रोख असे ती कितीशी? ही सोय समाजसुधारणेसाठी काढलेलीही नव्हती; ती धंद्याची युक्ती होती. तरीही ज्यांच्या हाती चार नाणी येत, त्यांना दुकानदाराची मर्जी न सांभाळता खरेदी करण्याची एक वाट तिने खुली केली. इतिहासात असे अनेकदा घडते : हेतू नफ्याचा असतो आणि परिणाम नफ्याच्या पलीकडे जातो.

१५/
ती वाट बोचत होती, याचा पुरावा अफवांमधून मिळतो. दक्षिणेतील काही दुकानदारांनी उठवले की सिअर्स आणि रोबक हे दोघे कृष्णवर्णीय आहेत. उद्देश हा, की गोऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी. कंपनीने प्रत्युत्तर म्हणून संस्थापकांची छायाचित्रे छापली. त्यातली गंमत, किंवा खंत, लक्षात घेण्याजोगी आहे : खोक्यावरचे नाव पुसून ग्राहकाला संरक्षण देणारी कंपनी स्वतःवर वेळ येताच चेहरा दाखवून मोकळी झाली. अफवेमागच्या वंशद्वेषाला तिने हात लावला नाही.

१६/
लपण्याची गरज केवळ ग्राहकाला आणि दुकानदाराला होती असे नाही, पुरवठादारालाही होती. इमारती लाकडाच्या धंद्यात पूर्व किनाऱ्यावरच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटना एक यादी फिरवत. थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांची नावे त्यात असत. यादीत नाव आले की किरकोळ व्यापारी त्याच्याकडून खरेदी थांबवतील, हा धाक. १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत स्पर्धाविरोधी ठरवून बेकायदा जाहीर केली. खोक्यावरचे एक नाव अख्खा धंदा बुडवू शकत होते, ते असे.

१७/
नाव पुसण्याची पुढची पायरी म्हणजे दुसरेच नाव लावणे. सिअर्सच्या अनेक वस्तू इतरांच्या कारखान्यांत तयार होत आणि सिअर्सच्या छापाने विकल्या जात. ‘क्राफ्ट्समन’ हे हत्यारांचे नाव १९२७ चे. त्या नावाची हत्यारे वेगवेगळे कारखानदार बनवत आले. कोरे वेष्टन विक्रेत्याला लपवत होते, नवा छाप निर्मात्याला लपवू लागला. आजच्या ऑनलाइन दुकानांतील ‘आमचा स्वतःचा ब्रँड’ हा याच घराण्यातला.

१८/
आता कथेचा दुसरा प्रवाह. इथवर माल दुकानदाराकडे येत होता आणि मग गिऱ्हाइकाकडे जात होता. पण कोळसा, लाकूड अशा अवजड मालाची दोनदा चढउतार परवडत नाही. त्या धंद्यात ‘डेस्क जॉबर’ नावाचा मध्यस्थ निर्माण झाला. त्याच्याकडे वखार नव्हती. होते ते फक्त टेबल. तो मागणी मिळवी, खाणीला किंवा लाकूड गिरणीला कळवी आणि भरलेला वाघिणीचा डबा थेट खरेदीदाराच्या स्थानकावर जाई. माल त्याच्या मालकीचा होई, पण त्याच्या नजरेलाही पडत नसे. यालाच पुढे ‘ड्रॉप शिपिंग’ म्हटले गेले.

१९/
या मध्यस्थाची भीती उघड आहे. खाण आणि खरेदीदार यांची एकदा गाठ पडली, की मधला माणूस कशाला हवा? आणि गाठ घालून देणारा कागद मालाबरोबरच प्रवास करत असे : रेल्वेची बिल्टी. तिच्यावर माल पाठवणाऱ्याचे नाव असते. यावर तोडगा निघाला तो बिल्टी बदलण्याचा. मूळ बिल्टी खरेदीदाराच्या हाती जाऊ द्यायची नाही. तिच्याऐवजी दुसरी, जिच्यावर पाठवणारा म्हणून मध्यस्थाचे नाव. मालवाहतुकीच्या परिभाषेत ही ‘ब्लाइंड शिपमेंट’. दोन्ही टोके एकमेकांना अनोळखी राहिली, तर ती ‘डबल ब्लाइंड’.

२०/
घरगुती पार्सलांसाठी दार उघडले ते १ जानेवारी १९१३ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत सरकारी पार्सल टपाल सुरू झाले. आरंभीची मर्यादा ११ पौंड, म्हणजे सुमारे ५ किलो. ते इतके उशिरा का आले? किरकोळ व्यापारी आणि एक्स्प्रेस कंपन्या दोघांचाही विरोध होता म्हणून. न्यूयॉर्कचे सिनेटर टॉमस प्लॅट हे स्वतःच एका मोठ्या एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष होते, एवढे एक उदाहरण पुरे. १८९६ पासून खेड्यांत घरोघरी टपाल देण्याची सोय वाढत होतीच. आता पार्सलही स्थानकावर न थांबता घराच्या दाराशी येऊ लागले.

२१/
भारतात याच सुमारास काय होते? इथे १८७७ पासून व्ही. पी. होती : पोस्टमन वस्तू देणार, पैसे घेणार आणि पाठवणाऱ्याकडे पोहोचवणार. पुस्तके, औषधे, घड्याळे मुंबई-पुण्याहून व्ही. पी.ने मागवणे ही मराठी घरांना कित्येक पिढ्या परिचयाची गोष्ट होती. पण व्ही. पी.मध्ये एक अडसर आहे. पैसे कोणाकडे परत जायचे, हे लिहिल्याशिवाय ती चालत नाही. पाठवणारा आणि पैसे घेणारा एकच असल्यामुळे मधल्या विक्रेत्याला कागदावर जागाच नव्हती.

२२/
यावरून एक सूत्र हाती लागते. प्रत्येक खरेदीत तीन दोऱ्या असतात : माल, बिल आणि पैसा. सिअर्सच्या काळात माल आणि पैसा दुकानदाराच्या हातून जात, म्हणून नुसते वेष्टन कोरे ठेवून भागे. डेस्क जॉबरने मालाची दोरी वेगळी केली, बिल्टी बदलून कागदाची दोरीही फिरवली. ऑनलाइन व्यवहारात तिन्ही दोऱ्या पूर्ण सुट्या झाल्या. माल सुरतेहून सोलापूरला जातो, बिल पुण्यातल्या विक्रेतीच्या नावे निघते, आणि ग्राहकाने पोचवणाऱ्याच्या हाती दिलेल्या रोख रकमेतून तिचा नफा तिच्या खात्यात वळता होतो. जुनी अडचण सुटली ती इथे.

२३/
पण पूर्ण झाकाझाक आज कायद्याला मान्य नाही, आणि इथे दीडशे वर्षांच्या अनुभवाचा ठसा दिसतो. भारतात आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे, वेष्टनकर्त्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत द्यावी लागते. २०२० चे ई-वाणिज्य नियम विक्रेत्याची माहिती ग्राहकापुढे ठेवायला सांगतात. त्याच वेळी, बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर, या व्यवहाराला वस्तू व सेवा कराच्या कायद्यात रीतसर जागा आहे. मधल्या माणसाने आपला घाऊक दर झाकावा. वस्तू कोणाची आणि दाद कोणाकडे मागायची, हे मात्र झाकू नये, असा हा समतोल.

२४/
तो समतोल का हवा, हे साध्या उदाहरणावरून कळते. शिकागोची किटली गळकी निघाली, तर थेट मागवणाऱ्या शेतकऱ्याला कंपनीचा पत्ता ठाऊक होता. तो ती परत पाठवू शकत होता. तीच किटली दुकानदाराकडून घेणाऱ्याला मात्र दुकानदाराच्या भलेपणावर विसंबावे लागे. निर्माता अदृश्य, मूळ विक्रेता अदृश्य. समोर एकच चेहरा. तो चेहरा सचोटीचा असेल तर सारे ठीक. नसेल, तर ग्राहकाच्या हाती उरते ते गळके भांडे आणि कोरा कागद.

२५/
म्हणून आज एखादे साधे, बिननावाचे पार्सल हाती आले, तर त्यामागे दोन पूर्वज उभे आहेत हे आठवावे. एक, आपल्या गावाच्या नजरेतून सुटून स्वतःच्या पैशाने स्वतःच्या पसंतीचा कपडा घेऊ पाहणारा दक्षिणेतला शेतकरी. दुसरा, चौकात कॅटलॉग जाळून रात्री त्याच कॅटलॉगमधून माल मागवणारा दुकानदार. दोघांनाही एकाच कंपनीने, एकाच आश्वासनात, तेच कोरे वेष्टन देऊ केले होते. व्हॉट्सॲपवर विकणारी गृहिणी या दोघांपैकी कोणाची वारस ठरते, हे वेष्टनावरून कळत नाही. कुर्ता उसवलेला निघाला आणि ग्राहकाने फोन केला, की ती तो उचलते की नाही, यावरून कळते.